तारखांनी ठरवलेला अभ्यासक्रम

इंग्लंडमधील शाळांचे वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि शरद, वसंत व उन्हाळी अशा तीन सत्रांतून जात जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपते. यांपैकी उन्हाळी सत्र ईस्टरच्या सुट्टीनंतर, म्हणजे साधारणपणे एप्रिलच्या मध्यावर किंवा त्यानंतर लवकरच उघडते. मे महिन्याच्या अखेरीस आठवडाभराची मध्यसत्र सुट्टी येते आणि तिच्यामुळे सत्राचे दोन तुकडे पडतात. सत्राच्या आरंभी बहुतेक प्राथमिक शाळा पालकांना एक पत्रक पाठवतात. मुले या सत्रात गणितात काय शिकतील, विज्ञानात कोणता घटक घेतला जाईल, इतिहासात कोणता कालखंड येईल, पोहण्याचा वर्ग कोणत्या वारी असेल, याची माहिती त्यात असते. हे पत्रक वाचणाऱ्या पालकाची समजूत अशी होते की सरकारने नेमून दिलेल्या अभ्यासक्रमातला उन्हाळ्याच्या वाट्याचा भाग शाळेने त्याच्यापुढे ठेवला आहे. प्रत्यक्षात सरकारने असा कोणताही वाटा नेमून दिलेला नाही. १९८८च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून निघालेला आणि सध्याच्या स्वरूपात सप्टेंबर २०१४पासून लागू झालेला राष्ट्रीय अभ्यासक्रम सत्रांविषयी काहीच सांगत नाही. इंग्रजी, गणित आणि विज्ञान या गाभ्याच्या विषयांत तो वर्षवार किंवा दोन-दोन वर्षांची मांडणी देतो, पण तिथेही एखादा घटक त्याच वर्षी शिकवण्याची सक्ती नसून टप्पा संपेपर्यंत तो शिकवून व्हावा एवढीच अट आहे. इतिहास, भूगोल, कला यांसारख्या विषयांत तर संपूर्ण टप्प्यासाठी मिळून एक-दोन पानांचा मजकूर आहे. कागदोपत्री पाहिले तर उन्हाळी सत्रात काय शिकवायचे हे ठरवण्यास शाळा मोकळी आहे. ही मोकळीक प्रत्यक्षात फार थोडी उरते. मे आणि जूनमधील तीन राष्ट्रीय चाचण्यांच्या तारखा त्या सत्राचा खरा अभ्यासक्रम ठरवतात, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. दोष चाचणी असण्यात जितका आहे त्याहून अधिक ती अमुक एका आठवड्यात, सर्वांसाठी एकाच वेळी आणि शाळेचा निवाडा करण्यासाठी घेण्यात आहे, असेही येथे म्हणायचे आहे.

मराठी वाचकासाठी रचना थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात शालेय वर्ष जूनमध्ये पावसाबरोबर उघडते, दिवाळीच्या सुट्टीने त्याची दोन सत्रे होतात आणि उन्हाळा हा दोन वर्षांच्या मधला रिकामा काळ असतो. इंग्लंडमध्ये उन्हाळा हा वर्षाचा शेवटचा आणि हवेच्या दृष्टीने सर्वात अनुकूल भाग असतो. मूल चार वर्षांचे झाल्यानंतरच्या सप्टेंबरमध्ये ‘रिसेप्शन’ नावाच्या प्रवेशवर्गात जाते, त्यानंतर पहिले ते सहावे अशी सहा वर्षे प्राथमिक शाळेत काढते आणि अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाते. पहिले व दुसरे वर्ष मिळून पहिला टप्पा आणि तिसरे ते सहावे मिळून दुसरा टप्पा मानला जातो. सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळा वर्षातून १९० दिवस मुलांसाठी उघड्या असतात. ईस्टरची तारीख चंद्रावर ठरत असल्याने वसंत आणि उन्हाळी सत्रांची लांबी दरवर्षी पुढेमागे होते. एखाद्या वर्षी ईस्टर उशिरा आला की मे महिन्यातील चाचणीपूर्वी शाळेच्या हातात जेमतेम तीन आठवडे उरतात. चाचणी मात्र चंद्राकडे पाहून हलत नाही.

चाचण्या क्षणभर बाजूला ठेवून केवळ अभ्यासक्रम वाचला तर त्यातील बराच भाग जणू याच ऋतूसाठी लिहिला असावा असे वाटते. पहिल्या वर्षाच्या मुलांनी चारही ऋतूंतील बदल पाहावेत, हवामानाची नोंद ठेवावी आणि दिवसाची लांबी कशी बदलते हे सांगावे, अशी अपेक्षा विज्ञानात आहे. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान असतो आणि जूनच्या उत्तरार्धात तो साडेसोळा तासांच्या पुढे जातो. शरदात शाळा सुटताना अंधारू लागलेले पाहिलेल्या मुलाला जूनमध्ये झोपायच्या वेळीही खिडकीबाहेर उजेड दिसतो, आणि ही नोंद उन्हाळी सत्रापर्यंत नेली नाही तर तो घटक अपुराच राहतो. दुसऱ्या वर्षी बिया व कंद यांपासून रोप कसे वाढते हे पाहायचे असते. तिसऱ्या वर्षी फुलाचे भाग, परागीभवन, बीजनिर्मिती आणि बीजप्रसार येतो. पाचव्या वर्षी सस्तन प्राणी, उभयचर, कीटक आणि पक्षी यांच्या जीवनचक्रांतील फरक सांगता यावा लागतो. वर्गात सुरवंट पाळून त्यांची फुलपाखरे होईपर्यंत नोंदी ठेवणे हा कित्येक शाळांचा उन्हाळी सत्रातला ठरलेला कार्यक्रम असतो. शारीरिक शिक्षणात धावणे, उड्या आणि फेक यांना मैदान लागते, तेही याच काळात कोरडे मिळते. प्राथमिक शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाला किमान २५ मीटर अंतर कोणाच्याही मदतीविना पोहून जाता आले पाहिजे, हीसुद्धा अभ्यासक्रमातील बंधनकारक अपेक्षा आहे. इतिहासात दुसऱ्या टप्प्यावर प्राचीन संस्कृतींचा परिचय करून देताना सुमेर, सिंधू खोरे, इजिप्त आणि चीनमधील शांग राजवट यांपैकी एकीचा सखोल अभ्यास करायचा असतो. निवड शाळेची असते, आणि पिरॅमिड व ममी यांच्या आकर्षणापुढे मोहेंजोदडोच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेचा पाड लागत नाही याचे नवल वाटायला नको. भारतीय कुळातील मुले मोठ्या संख्येने असलेल्या शाळांनी तरी सिंधू खोरे घ्यावे, असे सुचवण्याचा मोह होतो. पण तो या लेखाचा विषय नव्हे.

हा कागदावरचा उन्हाळा आहे. त्याच्यावर जूनमधील पहिली चाचणी येते ती सहा वर्षांच्या मुलांसाठी. ‘फोनिक्स’ म्हणजे अक्षर व ध्वनी यांच्या संबंधावरून वाचायला शिकवण्याची पद्धत. तिची पडताळणी २०१२पासून पहिल्या वर्षाच्या अखेरीस केली जाते. शिक्षक एकेका मुलाला समोर बसवून चाळीस शब्द वाचायला लावतात. त्यांपैकी वीस खरे असतात आणि वीस बनावट, म्हणजे इंग्रजीत नसलेले पण उच्चारता येणारे. बनावट शब्दांशेजारी एखाद्या परग्रहवासी प्राण्याचे चित्र असते, जेणेकरून मुलाने तो शब्द त्या प्राण्याचे नाव समजावा आणि त्यात अर्थ शोधत बसू नये. देवनागरीत वाचायला शिकलेल्या माणसाला हा सारा खटाटोप चमत्कारिक वाटेल, कारण च-ज यांचे दुहेरी उच्चार आणि ऱ्हस्व-दीर्घाचे घोळ सोडले तर बाराखडी पाठ झालेले मूल अर्थ न कळताही कोणताही शब्द वाचू शकते. इंग्रजीत एकच स्वर अनेक प्रकारे लिहिला जातो आणि एकच अक्षरसमूह अनेक प्रकारे उच्चारला जातो, त्यामुळे मूल खरोखर वाचत आहे की चित्रावरून व सवयीवरून अंदाज करत आहे, हे ओळखण्यासाठी बनावट शब्दाचा उपयोग होतो. तत्त्वतः ही युक्ती चांगली आहे, आणि पाच-दहा मिनिटांत कोणत्या मुलाला कोठे अडते हे शिक्षकाला कळते, हेही खरे आहे.

परंतु या पडताळणीच्या निकालांनीच तिच्याविषयी एक गोष्ट उघड केली. पहिल्या दोन वर्षांत उत्तीर्णतेची मर्यादा चाळीसपैकी बत्तीस आहे हे शिक्षकांना आधीपासून ठाऊक होते. त्या वर्षांच्या राष्ट्रीय आकडेवारीत एकतीस गुण मिळवणारी मुले थोडी आणि बत्तीस मिळवणारी एकदम कितीतरी जास्त, असा सरळ उभा कडा दिसतो. मुलांच्या वाचनक्षमतेत निसर्गतः असा कडा असण्याचे कारण नाही. एखाद्या शब्दाचा उच्चार बरोबर धरायचा की चूक या शंकेच्या क्षणी शिक्षकाचे मन कोणत्या बाजूला झुकत होते, हे त्या कड्याने दाखवले. २०१४पासून मर्यादा चाचणी होऊन जाईपर्यंत जाहीर करणे थांबवण्यात आले, तेव्हा तो कडा बऱ्याच अंशी खाली बसला. मर्यादेचा आकडा पुढेही बहुतेक वर्षी बत्तीसच राहिला. निकालावर शाळेची प्रतिष्ठा अवलंबून असली की प्रामाणिक माणसाचाही कान कसा बदलतो, याचा इतका स्वच्छ पुरावा शिक्षणाच्या इतिहासात क्वचितच मिळाला असेल. त्याहून मोठा परिणाम मात्र गुणपत्रिकेत दिसत नाही. तो मे आणि जूनच्या वर्गात दिसतो, जिथे सहा वर्षांची मुले अस्तित्वात नसलेले शब्द वाचण्याचा सराव करतात. रोगनिदानासाठी योजलेली गोष्टच अशा रीतीने शिकवण्याचा विषय होऊन बसते. शिवाय ३१ ऑगस्टला जन्मलेले मूल आणि आदल्या १ सप्टेंबरला जन्मलेले मूल एकाच वर्गात असते; सहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढे असते आणि उन्हाळ्यात जन्मलेली मुले या पडताळणीत मागे पडतात हे दरवर्षीच्या आकड्यांत दिसते. तरीही तारीख सर्वांना एकच.

दुसरी चाचणी चौथ्या वर्षाची, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची. जून २०२२पासून सक्तीची झालेली ही पाढ्यांची पडताळणी संगणकाच्या पडद्यावर होते. बारा बारेपर्यंतच्या पाढ्यांतून पंचवीस प्रश्न येतात, प्रत्येक उत्तराला सहा सेकंद मिळतात आणि दोन प्रश्नांमध्ये तीन सेकंदांची उसंत असते. पाढे पाठ असावेत याविषयी मराठी वाचकाला पटवण्याची गरज नाही. ज्या समाजात एकेकाळी पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांचीही घोकंपट्टी चालत असे, त्याला बारापर्यंतचे पाढे म्हणजे विशेष मागणी वाटणार नाही. या पडताळणीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण अशी रेघही नाही. म्हणून तिन्हींमध्ये ती सर्वात निरुपद्रवी म्हणता येईल.

खरी अडचण तिसऱ्या चाचणीची आहे, आणि सहाव्या वर्षाच्या मुलांचे उन्हाळी सत्र तिच्याभोवतीच बांधलेले असते. ‘सॅट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचण्या मे महिन्यातील एका आठवड्यात सोमवार ते गुरुवार घेतल्या जातात. व्याकरण-विरामचिन्हे व शुद्धलेखन, वाचन, अंकगणित आणि गणिती तर्क असे मिळून सहा प्रश्नपत्रिका दहा-अकरा वर्षांची मुले सोडवतात. गुणांचे रूपांतर ८० ते १२० या मापावर केले जाते आणि १०० म्हणजे ‘अपेक्षित पातळी’ मानली जाते. लेखनाचे मूल्यमापन शिक्षक करतात. वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत अपेक्षित पातळी गाठणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१९मध्ये ६५ टक्के होते आणि कोविडमुळे दोन वर्षे चाचण्या रद्द झाल्यानंतर २०२२मध्ये ते ५९ टक्क्यांवर आले. हे आकडे शाळावार प्रसिद्ध होतात, वृत्तपत्रे त्यांवरून क्रमवारी लावतात, घर घेताना पालक ती पाहतात आणि तपासणी करणारी ‘ऑफस्टेड’ ही संस्था शाळेत येण्यापूर्वी त्यांचा विचार करते. मुलाच्या पुढील शिक्षणावर या गुणांचा थेट परिणाम फारसा होत नाही. परिणाम होतो तो शाळेवर, मुख्याध्यापकाच्या नोकरीवर आणि शिक्षकाच्या पगारवाढीच्या चर्चेवर. म्हणजे उत्तरे मूल लिहिते, परीक्षा मात्र मोठ्यांची असते, आणि मोठ्यांची भीती मुलाच्या वेळापत्रकात उतरते.

ही भीती वर्गात कोणते रूप घेते याचा एक मासला पुरेसा आहे. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेमुळे वाक्याच्या आरंभी येणाऱ्या क्रियाविशेषण पदबंधाला काय म्हणतात हे इंग्लंडमधील दहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. त्याच्या लेखक असलेल्या आईला बहुधा नसते. २०१६मध्ये तर उद्गारवाचक वाक्य म्हणून गुण हवे असतील तर ते ‘व्हॉट’ किंवा ‘हाऊ’ या शब्दानेच सुरू झाले पाहिजे, असा खुलासा शासनाकडून आला होता. इंग्रजी साहित्यातील असंख्य उद्गार त्या नियमाने बाद झाले असते. या बारकाव्यांना तपासण्याजोगेपणा आहे एवढ्यासाठीच ते वर्गात महत्त्वाचे ठरतात, आणि सहाव्या वर्षाच्या मुलांचा एप्रिल जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्यात जातो. पालकांना पाठवलेल्या पत्रकात त्याला ‘उजळणी’ असे सभ्य नाव असते.

हा प्रकार नवा आहे असे समजणे चूक ठरेल. १८६२मध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये जी सुधारित संहिता लागू झाली, तिने शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन, अंकगणित या तीन विषयांतील त्यांच्या निकालाशी जोडले. निरीक्षक वर्षातून एकदा येई, एकेका मुलाला तपासे आणि प्रत्येक अनुत्तीर्ण विषयामागे शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. कवी व समीक्षक मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळानिरीक्षक होता, आणि या पद्धतीने शिकवण्याचे यंत्र होते, मुले पुस्तक समजून न घेता पाठ करतात, अशी टीका तो आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षे करत राहिला. निकालानुसार अनुदान देण्याची हीच कल्पना मुंबई इलाख्यातही आणली गेली होती, त्यामुळे तिच्या आठवणी केवळ इंग्लंडपुरत्या नाहीत. तपासनीस येणार म्हणून शाळा सारवून, मुलांना उत्तरे घोकायला लावून ठेवण्याची रीत मराठी मुलखाने चांगली पाहिलेली आहे. इंग्लंडमध्ये ती पद्धत १८९०च्या दशकात मोडीत निघाली. पुढच्या शंभर वर्षांच्या आतच तिचा गाभा परतला. फरक एवढाच की अनुदानाच्या जागी प्रतिष्ठा आली आणि निरीक्षकाच्या भेटीच्या जागी एक निश्चित आठवडा आला.

मात्र तो का परतला याची कारणे दुर्लक्षिण्यासारखी नाहीत, आणि चाचणीविरोधी लेखनात ती सहसा गाळली जातात. १९६७च्या प्लाउडन अहवालाने मुलाच्या स्वाभाविक कुतूहलाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले आणि प्राथमिक शाळांना मोठी मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीत उत्तम शाळा अधिक उत्तम झाल्या, परंतु दुर्बल शाळांत काय चालले आहे हे पाहण्याचे साधन कोणाच्याच हाती उरले नाही. लंडनच्या इझलिंग्टन भागातील विल्यम टिंडेल शाळेत १९७०च्या दशकाच्या मध्यावर असा बेबनाव झाला की मुले शाळा सोडून जाऊ लागली आणि अखेर सार्वजनिक चौकशी बसवावी लागली. १९७६मध्ये पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजातील भाषणात शाळांमध्ये काय शिकवले जाते हा राष्ट्राच्या चिंतेचा विषय आहे असे मांडले, आणि ते मजूर पक्षाचे होते हे विसरता येत नाही. मोकळिकीची किंमत सर्वात जास्त मोजली ती घरी पुस्तके नसलेल्या मुलांनी, कारण शाळेत जे राहिले ते घरी भरून काढण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. सर्वांना एकच मोजमाप लावल्याशिवाय अशा मुलांची उपेक्षा दिसत नाही, हा चाचणीच्या बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

त्याला जोडून विज्ञानाचे उदाहरण देता येते, आणि ते दोन्ही बाजूंना अडचणीचे आहे. अकराव्या वर्षीची विज्ञानाची राष्ट्रीय चाचणी सर्व मुलांसाठी शेवटची झाली ती २००९मध्ये. त्यानंतर देशभरातील काही मुलांचा नमुना घेऊन पडताळणी करण्याची पद्धत आली. चाचणीच्या जाचातून सुटल्यावर विज्ञान बहरायला हवे होते. झाले उलटेच. इंग्रजी आणि गणित यांची चाचणी कायम राहिल्याने वेळापत्रकातले तास त्यांच्याकडे सरकले आणि अनेक शाळांत विज्ञान दुय्यम झाले. यावरून चाचणी काढून टाकली की शिकणे मोकळे होते, हे भाबडे समीकरण खोटे ठरते. पण म्हणून विज्ञानाचीही चाचणी पुन्हा आणावी हा निष्कर्ष मात्र निघत नाही, कारण मग इतिहासाची, भूगोलाची आणि पोहण्याचीही आणावी लागेल, आणि उन्हाळी सत्र नावाची गोष्टच उरणार नाही. विज्ञानाच्या बाबतीत नडले ते असमान वजन. काही विषयांवर शाळेचे भवितव्य आणि बाकीच्यांवर काहीच नाही, अशी विभागणी केल्यावर वेळ कोणीकडे वाहणार हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

ब्रिटनच्या त्याच बेटावरील इतर दोन देशांकडे पाहिले तर प्रश्न नेमका कोठे आहे हे स्पष्ट होते. वेल्सने पूर्वीच्या सॅट्स केव्हाच सोडल्या, आणि सप्टेंबर २०२२पासून तेथे नवा अभ्यासक्रम आहे. तेथील मुलेही वाचन आणि अंकज्ञानाच्या राष्ट्रीय चाचण्या देतात, परंतु त्या संगणकावर असतात, मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा वा कठीण होतो आणि शालेय वर्षात त्या केव्हा घ्यायच्या हे शाळा ठरवते. स्कॉटलंडमध्येही प्राथमिक शाळेच्या पहिल्या, चौथ्या आणि सातव्या वर्षी राष्ट्रीय चाचण्या होतात आणि तिथेही वेळ शिक्षकाच्या निर्णयावर सोडलेली असते. या देशांच्या शिक्षणात बाकी सारे आलबेल आहे असे कोणी म्हणणार नाही. आंतरराष्ट्रीय तुलनांत वेल्सचे गुण इंग्लंडपेक्षा कमी आले आहेत, आणि इंग्लंडमधील चाचणीसमर्थक ते आवर्जून दाखवून देतात. परंतु मोजमाप करण्यासाठी सगळ्या देशाने एकाच आठवड्यात श्वास रोखून धरण्याची गरज नाही, एवढे तरी या उदाहरणांनी सिद्ध होते. खुद्द इंग्लंडनेही त्याचा अनुभव घेतला आहे. कोविडच्या काळात जूनमधील फोनिक्स पडताळणी होऊ शकली नाही, तेव्हा २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी ती दुसऱ्या वर्षात गेलेल्या मुलांकडून शरद सत्रात करून घेण्यात आली. तारीख हलवता येते हे त्यातून दिसले. परिस्थिती निवळताच ती पुन्हा जूनला नेऊन ठेवण्यात आली.

याहून बोलके उदाहरण रिसेप्शनच्या वर्गातले आहे. सप्टेंबर २०२१पासून शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाची पहिल्या सहा आठवड्यांत एक आरंभीची पडताळणी होते. तिचे गुण शाळेला सांगितले जात नाहीत, पालकांनाही नाहीत. सात वर्षांनी तेच मूल सॅट्स देईल तेव्हा त्याने किती प्रगती केली हे काढण्यासाठी ते राखून ठेवले जातात. चार वर्षांच्या मुलाची परीक्षा घ्यावी का यावर बरेच वाद झाले आणि त्यातील काही आक्षेप रास्तही आहेत. पण या पडताळणीसाठी कोणतीही शाळा मुलांकडून सराव करून घेत नाही, त्यासाठी कोणाचे सत्र वाया जात नाही, कारण गुण जास्त आणण्यात शाळेचा काही फायदा नाही. फायदा असलाच तर कमी आणण्यात आहे, ही त्यातली गंमत. वर्ग आणि चाचणी यांचे नाते चाचणीच्या आशयापेक्षा तिच्या परिणामावर ठरते, याचा हा घरचाच दाखला आहे.

सॅट्सचा आठवडा संपल्यावर सहाव्या वर्षाच्या वर्गात जे घडते ते पाहण्यासारखे असते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत, मध्यसत्र सुट्टी वगळता, आठ-नऊ आठवडे उरतात. या आठवड्यांत वर्ग चार-पाच दिवसांच्या निवासी सहलीला जातो आणि कित्येक मुले आयुष्यात पहिल्यांदा आईवडिलांशिवाय झोपतात. रस्त्यावर सायकल चालवण्याचे प्रशिक्षण होते. ज्यांचे २५ मीटर राहिले आहेत त्यांना तलावावर नेले जाते. निरोपाचे नाटक बसते, त्यात संवाद पाठ करणे, नेपथ्य रंगवणे आणि पडद्यामागे शांत बसणे या तिन्ही गोष्टी शिकाव्या लागतात. वयात येताना शरीरात होणारे बदल बहुतेक शाळा याच काळात शिकवतात. सप्टेंबर २०२०पासून नातेसंबंधांचे शिक्षण सर्व प्राथमिक शाळांत सक्तीचे झाले आहे, तर लैंगिक शिक्षण प्राथमिक पातळीवर ऐच्छिक असून त्यातून मुलाला बाहेर ठेवण्याची मुभा पालकांना आहे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत जूनमध्ये या विषयाचे पत्र आले की थोडी चुळबुळ होते हे समजण्यासारखे आहे, पण सहसा ते पत्र वाचून बाजूला ठेवले जाते आणि मुलाला वर्गात बसू दिले जाते. तोच शहाणपणाचा मार्ग आहे. विज्ञानातील उत्क्रांती आणि आनुवंशिकता हा सहाव्या वर्षाचा घटकही पुष्कळदा उरलेल्या काळात येतो. प्राथमिक शाळेतील हा बहुधा सर्वात मोठा विचार, सजीवांविषयीची माणसाची सारी समजूत बदलून टाकणारा. तो शिल्लक वेळेत बसवला जावा ही व्यवस्थेच्या अग्रक्रमांवरची बोलकी टीका आहे.

या आठवड्यांकडे पाहण्याची शाळांची आणि पालकांची दृष्टी मात्र सुट्टीची असते. ‘आता खरे काम संपले’ असे मुलांनाही सांगितले जाते. ज्या काळात मुले रस्ता ओलांडायला, पाण्यात तरंगायला, एकत्र राहायला, स्वतःच्या शरीराविषयी न लाजता बोलायला आणि सजीव कसे बदलत गेले हे समजायला शिकतात, तो काळ काम संपल्यानंतरचा ठरतो. मुलांनी काय गंभीरपणे घ्यावे आणि काय नाही, याचा धडा त्यांना कोणत्याही तासाला न शिकवता असा मिळतो. महाराष्ट्राशी तुलना केली तर या बाबतीत इंग्लंडची स्थिती तरीही बरी म्हणावी लागेल. येथे प्राथमिक वर्गांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होते, निकाल १ मेला, महाराष्ट्र दिनी, हाती देण्याची प्रथा आहे, आणि परीक्षा व निकाल यांच्या मधल्या दिवसांत वर्ग ओस पडतात. परीक्षेनंतरचे शिकणे ही कल्पनाच येथे रुजलेली नाही. इंग्लंडमध्ये ते आठवडे निदान भरलेले असतात.

जुलै २०२४मध्ये इंग्लंडच्या सरकारने अभ्यासक्रम आणि मूल्यमापन यांच्या फेरविचारासाठी प्राध्यापक बेकी फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२५मध्ये आला आणि प्राथमिक शाळांतील राष्ट्रीय चाचण्यांचा मूळ ढाचा त्याने कायम ठेवला. चाचण्या ठेवण्याच्या निर्णयाशी वर मांडलेल्या कारणांसाठी सहमत होता येते. तारीख हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि तो चाचण्या असाव्यात की नसाव्यात या जुन्या भांडणात हरवून जातो. वाचन आणि गणिताच्या चाचण्या सहाव्या वर्षात शाळा ठरवील तेव्हा घेता येतील, देशाची स्थिती जाणण्यासाठी विज्ञानाप्रमाणे नमुना पुरेसा होईल, आणि शाळेवर लक्ष ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या आकड्याऐवजी तीन-चार वर्षांची सरासरी पाहता येईल. एवढ्याने तयारीचा जाच संपणार नाही. तो वर्षभर पातळ होऊन पसरेल, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्य आहे. तरी पातळ पसरलेला जाच वर्गशिक्षकाला हाताळता येतो, तर साऱ्या देशाने एकाच आठवड्यावर रोखलेले लक्ष त्याला हाताळता येत नाही.

मे महिनाच का, याचे जे उत्तर दिले जाते ते असे की माध्यमिक शाळांना सप्टेंबरपूर्वी गुण हाती हवे असतात. प्रत्यक्षात गुण जुलैमध्ये येतात. तेव्हा मुलाच्या प्राथमिक शिक्षकाकडे त्यांचा उपयोग करण्यास एक-दोन आठवड्यांहून अधिक दिवस नसतात. आणि माध्यमिक शाळांपैकी बऱ्याच शाळा सप्टेंबरमध्ये नवी मुले आली की आकलनक्षमतेची स्वतःची चाचणी पुन्हा घेतात, कारण तालमीतून आलेल्या गुणांवर त्यांचा पुरता भरवसा नसतो.